लिलावातली गाडी आणि तिचा भूतकाळ

जुनी गाडी लिलावात घ्यावी का, हा प्रश्न हल्ली बऱ्याच घरांत निघतो. नव्या गाड्यांच्या किमती चढल्या आहेत, डीलरकडची चांगली जुनी गाडीही स्वस्त राहिलेली नाही, आणि बँकेने ओढून आणलेली गाडी बाजारभावापेक्षा लाखभराने कमी पडल्याची एखादी हकिगत प्रत्येकाच्या कानावर आलेली असते. पण ‘गाड्यांचा लिलाव’ या एका नावाखाली आज निदान पाच निरनिराळे बाजार चालतात. गाडी कुठून आली, विकतो कोण, बोली कोणाला लावता येते आणि पैसे भरल्यावर हातात कोणते कागद पडतात, हे प्रत्येक बाजारात वेगळे आहे. एकातला अनुभव घेऊन दुसऱ्यात उतरणारा माणूस हमखास अडचणीत येतो.

लिलावातली गाडी स्वस्त का असते, हे आधी नीट समजून घ्यायला हवे. विकणाऱ्याला घाई असते, यार्डातली जागा अडलेली असते, ही कारणे खरीच. पण मोठे कारण हे की गाडीच्या भूतकाळाची जबाबदारी तिथे कोणीच घेत नाही. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या गाड्यांच्या बाजाराचे उदाहरण घेऊन एक निबंध लिहिला, आणि २००१ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल विभागून मिळाले त्यामागे हाच विचार होता. विकणाऱ्याला गाडीचे दोष माहीत आहेत आणि घेणाऱ्याला नाहीत, अशा बाजारात घेणारा प्रत्येक गाडीला संशयाचा भाव देतो. मग ज्याची गाडी खरोखर चांगली आहे तो तिथे फिरकतच नाही. लिलावात परिस्थिती याहूनही बिकट असते. बँकेने, विमा कंपनीने किंवा पोलिसांनी ती गाडी कधी चालवलेलीच नसते, त्यामुळे तिच्यात काय आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. जाहिरातीतले ‘जसे आहे, जेथे आहे’ हे शब्द म्हणूनच अक्षरशः घ्यायचे असतात.

सामान्य ग्राहकाला खुला असलेला सर्वांत मोठा बाजार बँका आणि वित्तकंपन्यांनी ओढलेल्या गाड्यांचा. कर्जावर घेतलेल्या गाडीच्या आरसीवर कर्ज देणाऱ्याचा बोजा चढलेला असतो. हप्ते थकले की करारातल्या अटींप्रमाणे गाडी ताब्यात घेतली जाते, यार्डात उभी राहते आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी बोलीवर चढते. भिवंडी, कळंबोली, वाघोली या भागांत अशी यार्डे आहेत. दोन वर्षांची हॅचबॅक, टॅक्सी परमिटची सेडान, टेम्पो आणि जेसीबी तिथे शेजारी शेजारी धूळ खात असतात. श्रीराम ऑटोमॉलसारख्या कंपन्या हे लिलाव मैदानावर आणि ऑनलाइन अशा दोन्ही प्रकारे घेतात. नाव नोंदवायचे, ओळखीचे कागद द्यायचे, अनामत भरायची आणि बोली लावायची, इथवर सगळे सरळ आहे.

अडचणी पुढे सुरू होतात. आपली बोली सर्वांत वरची ठरली म्हणजे गाडी आपली झाली असे नाही; बहुतेक ठिकाणी अंतिम मंजुरीचा अधिकार बँकेने आपल्याकडे ठेवलेला असतो. मंजुरी येईपर्यंत अनामत अडकून राहते, आणि मंजुरी आल्यावर ठरलेल्या मोजक्या दिवसांत उरलेली रक्कम भरली नाही तर तीच अनामत जप्त होते. जुन्या गाडीवर कर्ज काढायचे ज्यांच्या मनात आहे त्यांना हे दिवस सहसा पुरत नाहीत. कर्ज आधी मंजूर करून ठेवावे, नाहीतर रोख तयारी असल्याशिवाय हात वर करू नये.

गाडी ताब्यात कशी घेतली, हा घेणाऱ्याच्या दृष्टीने कळीचा भाग आहे आणि नेमका तोच कोणी तपासत नाही. आयसीआयसीआय बँक विरुद्ध प्रकाश कौर या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये गुंड लावून गाड्या ओढण्याच्या प्रकारावर कडक ताशेरे ओढले. रिझर्व्ह बँकेने २००८ मध्ये वसुली एजंटांसाठी सूचना काढल्या. वित्तकंपन्यांच्या कर्जकरारात नोटिशीची मुदत, ताबा घेण्याची रीत, विक्रीआधी पैसे भरण्याची शेवटची संधी आणि लिलावाची पद्धत स्पष्ट लिहिलेली असावी, अशीही तिची अपेक्षा आहे. मॅग्मा फिनकॉर्पच्या प्रकरणात २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भाडेखरेदी करारात हप्ते थकल्यास गाडी परत घेण्याचा वित्तकंपनीचा हक्क मान्य केला. पाटणा उच्च न्यायालयाने मात्र २०२३ मध्ये एजंटांकरवी जबरदस्तीने गाड्या ओढणे बेकायदा ठरवले. म्हणजे वाद हक्कापेक्षा पद्धतीवर आहे. मूळ मालक न्यायालयात किंवा ग्राहक आयोगात गेलेला असेल, तर गाडी आपल्या दारात उभी असूनही तिचे नाव बदलून मिळायला खीळ बसू शकते. म्हणून बोलीआधी विचारावे: मालकाला दिलेल्या नोटिशीची प्रत आहे का, ताबा घेण्याआधी आणि घेतल्यावर पोलीस ठाण्याला कळवल्याचा कागद आहे का, गाडीतल्या वस्तूंची यादी झाली होती का. हे कागद दाखवायला टाळाटाळ करणाऱ्याच्या गाडीवर मी स्वतः बोली लावणार नाही, मग ती कितीही स्वस्त असो.

आरसीचाही प्रश्न असतोच. हप्ते थकवलेला मालक आरसी सहसा देत नाही आणि सहीलाही येत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५१ मध्ये याला वाट आहे. वित्तपुरवठादाराने फॉर्म ३६ भरून अर्ज करायचा, मालकाला नोटीस जाते, आणि मग वित्तपुरवठादाराच्या नावाने नवी आरसी निघते. अशी आरसी निघालेली असेल तर पुढचे हस्तांतर सोपे; बँकेची विक्रीपत्रे आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ एवढ्यावर काम पुढे सरकते. ती निघालेली नसेल तर ‘कागद मागाहून मिळतील’ असे तोंडी आश्वासन मिळते, आणि माझ्या मते त्या आश्वासनाची किंमत बोलीतून मोठ्या रकमेने वजा करायला हवी.

टॅक्सी म्हणून चाललेल्या गाड्या या बाजारात भरपूर येतात. कोरोनाच्या टाळेबंदीत रिझर्व्ह बँकेने मार्च ते ऑगस्ट २०२० असे सहा महिने हप्त्यांना सवलत दिली होती. सवलत संपली तरी प्रवासी परत आले नव्हते, आणि कित्येक चालकांच्या गाड्या यार्डात गेल्या. त्या प्रत्येक गाडीमागे एका कुटुंबाचा बुडालेला रोजगार आहे, हे घेणाऱ्याने विसरू नये. व्यवहाराच्या अंगाने पाहिले तर पिवळ्या पाटीची गाडी पांढऱ्या पाटीवर आणायची तर परमिट रद्द करावे लागते, आरटीओकडे वापरबदलाचा अर्ज करावा लागतो आणि खासगी गाडीच्या दराने कराचा फरक भरावा लागतो. शिवाय तीन वर्षांची टॅक्सी आणि तीन वर्षांची घरगुती गाडी यांच्या इंजिनांचे वय सारखे नसते.

विमा कंपन्यांचा बाजार सर्वांत धोक्याचा, आणि त्याविषयी बोलले जाते सर्वांत कमी. अपघातात किंवा पुरात सापडलेल्या गाडीच्या दुरुस्तीचा खर्च तिच्या विमामूल्याच्या, म्हणजे आयडीव्हीच्या, ७५ टक्क्यांवर जात असेल तर ती ‘टोटल लॉस’ धरली जाते. मालकाला रक्कम मिळते आणि मोडकी गाडी ऑनलाइन बोलीवर विकली जाते. ती घेणारे बहुतेक भंगारवाले, गॅरेजवाले आणि सुट्या भागांचे व्यापारी असतात. भाग सुटे होऊन विकले गेले तर त्यात काहीच वावगे नाही. उलट जुन्या गाड्यांच्या दुरुस्तीला त्यांचा आधारच होतो. पण काही गाड्या ठोकठाक करून, रंगवून पुन्हा रस्त्यावर येतात आणि दोन-तीन हात फिरून साध्या जाहिरातीत ‘फर्स्ट ओनर, नॉन ॲक्सिडेंट’ म्हणून दिसतात.

याहून वाईट प्रकार आरसीचा होतो. टोटल लॉस गाडीबरोबर तिचे कागदही नव्या हातात जातात. मग त्याच मॉडेलची, त्याच रंगाची गाडी चोरायची, तिचा चेसिस नंबर घासून मोडक्या गाडीचा नंबर ठोकायचा, आणि खऱ्या आरसीवर चोरीची गाडी विकायची. अशा टोळ्या अनेक राज्यांत पोलिसांनी पकडल्या आहेत. कायद्यात यावर उपाय आहे. कलम ५५ प्रमाणे गाडी कायमची निकामी झाली तर मालकाने १४ दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर आरटीओला कळवून आरसी जमा करायची असते. पण टोटल लॉस हा विम्याचा हिशेब आहे आणि ‘कायमची निकामी’ ही कायद्याची भाषा. या दोहोंमधल्या फटीतून गाड्या निसटतात.

पुराच्या गाड्या याच वाटेने येतात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबईत असंख्य गाड्या छतापर्यंत बुडाल्या. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूर आणि २०२१ च्या जुलैमध्ये चिपळूण, इथेही तेच झाले. पाण्यात बुडालेली गाडी धुऊन, वाळवून, सीटकव्हरे बदलून महिनाभरात नव्यासारखी दिसते. बिघाड वायरिंगच्या सांध्यांत, ईसीयूमध्ये आणि एअरबॅगच्या जोडण्यांत हळूहळू वाढत असतो, आणि एके दिवशी गाडी हमरस्त्यावर बंद पडते. अपघाताची गाडी चांगली दुरुस्त करता येते, पुराची गाडी नाही, असे जाणते मिस्त्री सांगतात आणि ते मला पटते. ती ओळखायची तर सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्याच्या टोकाला चिखलाची रेघ आहे का पाहावे, सीटखालच्या लोखंडी पट्ट्यांवर गंज आहे का बघावे, स्टेपनीचा खड्डा आणि कार्पेटखालचा पत्रा हाताने चाचपावा, फ्यूज बॉक्समधल्या पिनांवर हिरवट थर आहे का हे विजेरीने तपासावे. चार वर्षांच्या गाडीत सगळी कार्पेटे कोरी करकरीत असतील तर त्यामागचे कारण विचारायलाच हवे.

तिसरा बाजार आपल्या नजरेआड चालतो. २०१५ मध्ये सुरू झालेल्या कार्स२४ सारख्या कंपन्यांनी तो घराघरांत पोचवला. तुम्ही गाडी विकायला काढता, त्यांचा माणूस येऊन तपासणी करतो, फोटो आणि अहवाल चढतो आणि देशभरातले डीलर काही मिनिटांत ऑनलाइन बोली लावतात. या लिलावात सामान्य ग्राहकाला शिरकाव नाही. पण तुम्ही पुढे दुकानात जी गाडी पाहता ती बहुधा अशाच बोलीतून तिथे आलेली असते, म्हणून दुकानदाराकडे त्या तपासणी अहवालाची मागणी जरूर करावी. डीलरची साखळी पूर्वी अंधारात असायची. मूळ मालक कोऱ्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून मोकळा व्हायचा आणि गाडी कित्येक महिने त्याच्याच नावावर फिरायची. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनी अधिकृत डीलरची नोंदणी, गाडी त्याच्या ताब्यात गेल्याची आरटीओला सूचना आणि चाचणीफेऱ्यांची नोंदवही या गोष्टी आणल्या. नियम चांगले आहेत. गल्लोगल्लीचे डीलर ते किती पाळतात, हे ग्राहकाने प्रमाणपत्र मागून पाहावे. डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेरला झालेल्या जीएसटी परिषदेनंतर नोंदणीकृत विक्रेत्याला जुन्या गाडीवर सरसकट १८ टक्के कर आहे, पण तो पूर्ण किमतीवर नसून त्याच्या नफ्याच्या रकमेवर आहे. पूर्ण किमतीवर १८ टक्के मागणाऱ्या विक्रेत्याला हे सांगता यायला हवे.

सरकारी लिलावांचे जुने आकर्षण आता बरेच ओसरले आहे. पूर्वी खात्याची जीप किंवा ॲम्बॅसडर बोलीत घेऊन वर्षानुवर्षे चालवणारे लोक गावोगाव होते. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी रद्द होते आणि त्या नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रातच जातात. संरक्षण आणि कायदा-सुव्यवस्थेच्या खास वाहनांना तेवढी सूट आहे. केंद्र सरकारची एमएसटीसी ही १९६४ मध्ये स्थापन झालेली कंपनी आणि जेम हे सरकारी खरेदी-विक्रीचे पोर्टल यांवर खात्यांच्या गाड्यांच्या बोली लागतात, पण यादी वाचताना ‘भंगार म्हणून’ आणि ‘वापरासाठी’ यांतला फरक आधी पाहावा. भंगार म्हणून घेतलेली गाडी पुन्हा रस्त्यावर आणता येत नाही. १५ वर्षांच्या आतली, चालती सरकारी गाडी मात्र कागदांच्या दृष्टीने सर्वांत स्वच्छ सौदा ठरू शकते. तिच्यासाठी नियमांत वेगळा फॉर्म ३२ आहे. ताबा मिळाल्यापासून ३० दिवसांत तो भरायचा, सोबत लिलाव अधिकाऱ्याच्या सहीचे विक्री प्रमाणपत्र आणि लिलावाला मंजुरी देणाऱ्या सरकारी आदेशाची प्रमाणित प्रत जोडायची. हे दोन कागद हातात आल्याशिवाय गाडी गेटबाहेर काढू नये, कारण नंतर त्याच कार्यालयात त्यांच्यासाठी खेटे घालावे लागतात.

पोलीस ठाण्याच्या आवारातल्या गाड्यांबद्दल फार आशा बाळगू नये. सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच सांगितले होते की जप्त वाहने ठाण्यांत वर्षानुवर्षे ठेवण्यात अर्थ नाही. फोटो आणि पंचनामा करून ती मालकाला, विमा कंपनीला द्यावीत किंवा विकावीत. तरीही झाडाखाली गंजणाऱ्या गाड्या सगळीकडे दिसतात, आणि लिलावाची वेळ येईपर्यंत त्यांचे लोखंडच तेवढे उरलेले असते. हे लिलाव बहुधा घाऊक असतात आणि भंगारवाल्यांसाठीच असतात.

जप्त मालमत्तेच्या बातम्या मात्र गाजतात. डिसेंबर २०१५ मध्ये मुंबईत दाऊद इब्राहिमची ह्युंदाई ॲक्सेंट ३२,००० रुपयांना गेली, आणि घेणाऱ्याने ती पुढे जाहीरपणे जाळली. एप्रिल २०१९ मध्ये ईडीने नीरव मोदी आणि मेहुल चोक्सी यांच्याशी संबंधित १३ गाड्या एमएसटीसीमार्फत बोलीवर चढवल्या. हे प्रसंग सामान्य खरेदीदाराच्या उपयोगाचे नाहीत. सप्टेंबर २०२५ मध्ये केरळात सीमाशुल्क खात्याने टाकलेल्या छाप्यांकडे मात्र त्याने लक्ष द्यावे. भूतानमध्ये लष्कराने लिलावात काढलेल्या गाड्या चोरवाटेने भारतात आणून, बनावट कागदांवर त्यांची नोंदणी केल्याचे ते प्रकरण आहे. परदेशी जुनी गाडी कायदेशीररीत्या आणायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी नसावी, स्टिअरिंग उजवीकडे असावे आणि ती मुंबई बंदरातूनच यावी, असे आपले आयात धोरण सांगते. इतक्या अटी असताना एखादी जुनी परदेशी एसयूव्ही कवडीमोल भावात पुढ्यात आली, तर ती आली कशी हा प्रश्न आधी विचारायला हवा.

आता बोलीविषयी. लिलावात एका गाडीची दहा माणसे दहा किमती करतात. खरी किंमत त्या सगळ्यांच्या मध्ये कुठेतरी असते, पण गाडी मिळते सर्वांत जास्त किंमत करणाऱ्याला. म्हणजे जिंकलेला माणूस हा पुष्कळदा चुकीचा अंदाज बांधलेला माणूस असतो. तेलक्षेत्रांच्या लिलावांवर काम करणाऱ्या अमेरिकी अभियंत्यांनी १९७१ मध्ये ही गोष्ट मांडली आणि तिला ‘विजेत्याचा शाप’ असे नाव पडले. त्यावर एकच औषध आहे: वरची मर्यादा घरी बसून, उलट हिशेबाने ठरवायची. उदाहरणार्थ, तशीच गाडी बाजारात पाच लाखांना मिळते असे धरू. चार टायर आणि बॅटरीचे ३०,०००, सर्व्हिसिंग आणि क्लचसारख्या कामांचे ३५,०००, लिलाव कंपनीचे शुल्क आणि त्यावरचा कर १५,०००, विमा १५,०००, नावबदल, बोजा आणि थकलेली ई-चलने १५,०००, टोइंगचे ५,०००. हे १,१५,००० वजा केले की ३,८५,००० उरतात. गाडी चालवून न पाहता घ्यायची, वॉरंटी नाही, म्हणून आणखी ५०,००० सोडून द्यावेत. आकडे गाडीप्रमाणे बदलतील, पण ३,३५,००० ची मर्यादा ठरली की ३,३६,००० ला गाडी दुसऱ्याला जाऊ द्यायची. ऑनलाइन बोलीत शेवटच्या क्षणी वेळ वाढत जाते आणि माणूस गाडीपेक्षा समोरच्या बोलीदाराशी स्पर्धा करू लागतो. तिथेच पैसे जातात.

बोलीला कायद्याचे संरक्षणही आहे, जे फार थोड्यांना ठाऊक असते. मालविक्री कायदा, १९३० चे कलम ६४ लिलावाबद्दलच आहे. हातोडा पडेपर्यंत बोलीदार आपली बोली मागे घेऊ शकतो, अशी त्यातली मूळ तरतूद आहे. ऑनलाइन लिलावाच्या अटींत बोली मागे घेतल्यास अनामत जाते असे लिहिलेले असते, म्हणून अटी आधी वाचाव्यात. विकणाऱ्याला स्वतः बोली लावायची असेल तर तसा हक्क त्याने आधीच जाहीर करायला हवा. भाव चढवण्यासाठी खोट्या बोली लावल्याचे सिद्ध झाले तर घेणारा व्यवहार रद्द करू शकतो. आणि कलम २७ चे तत्त्व असे की, कायद्याने सांगितलेले अपवाद सोडले तर विकणाऱ्याकडे जेवढा हक्क आहे तेवढाच घेणाऱ्याला मिळतो. चोरीची गाडी भर लिलावात, पावती घेऊन घेतली तरी ती आपली होत नाही.

म्हणून यार्डात जाण्याआधीचा अर्धा तास महत्त्वाचा. वाहन किंवा एमपरिवहनवर नंबर टाकून बोजा, विमा, फिटनेस आणि काळ्या यादीची नोंद पाहावी. ई-चलनांच्या संकेतस्थळावर थकबाकी पाहावी. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या नागरिक सेवेत गाडी चोरीच्या यादीत आहे का हे तपासावे. दिल्ली पासिंगची गाडी स्वस्त दिसली की तिचे वय मोजावे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या आदेशानंतर दिल्ली परिसरात १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंधने आली, म्हणून त्या वयाच्या आसपासच्या गाड्या इतर राज्यांत विकल्या जातात. इथे आणल्यावर तिथली एनओसी, महाराष्ट्राचा कर आणि नवा नंबर हे सगळे ओघाने आलेच. यार्डात बहुधा गाडी चालवू देत नाहीत, फार तर सुरू करू देतात. सकाळी लवकर जावे, इंजिन थंड असताना सुरू करायला सांगावे, सोबत एक मिस्त्री असावा. त्याची दिवसाची मजुरी हा या सगळ्या व्यवहारातला सर्वांत सत्कारणी लागणारा खर्च आहे.

गाडी मिळाल्यावर नावबदलाला उशीर करू नये. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले की अपघाताच्या भरपाईसाठी आरसीवर ज्याचे नाव तोच मालक. याचा त्रास विकणाऱ्याला अधिक, पण घेणाऱ्यालाही आहेच: जुना विमा त्याच्या नावावर झालेला नसेल तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडतो. ओढलेल्या गाड्यांचा विमा तर बऱ्याचदा संपलेलाच असतो, म्हणून यार्डातून गाडी निघण्याआधी नवा विमा काढावा. १ एप्रिल २०१९ पूर्वीची गाडी असेल तर उच्च सुरक्षा पाटी बसवली आहे का, तेही पाहावे.

जपानमध्ये लिलाव हाच जुन्या गाड्यांच्या व्यापाराचा कणा आहे. १९८० मध्ये सुरू झालेल्या यूएसएससारख्या लिलावगृहांत प्रत्येक गाडीबरोबर एक तपासणीपत्रक असते. त्यावर गाडीचा आराखडा, त्यावर ओरखड्याला ए, पोच्याला यू, दुरुस्त केलेल्या पत्र्याला डब्ल्यू अशी अक्षरे आणि शेजारी तीव्रतेचा आकडा. सांगाड्याला मार बसून दुरुस्ती झाली असेल तर आर ही श्रेणी. त्या एका कागदावर भरवसा ठेवून इतर देशांतले व्यापारी न पाहता गाड्या घेतात. अमेरिकेत टोटल लॉस झालेल्या गाडीच्या मालकीपत्रावरच तसा शिक्का पडतो, आणि राज्याराज्यांतल्या अशा नोंदी एकत्र करणारी राष्ट्रीय माहितीप्रणाली २००९ पासून ग्राहकांना खुली आहे.

आपल्याकडे हे अशक्य नाही. विम्याची मुदत ‘वाहन’वर आजही दिसते, म्हणजे विमा कंपन्यांची माहिती तिथपर्यंत पोचते. त्याच नोंदीत ‘टोटल लॉस’ असा एक रकाना आणि दाव्याची तारीख आली, तर पुराच्या आणि अपघाताच्या गाड्या चांगल्या म्हणून विकण्याचा धंदा मोठ्या प्रमाणात थांबेल, आणि आरसीची अदलाबदल करणाऱ्यांचीही पंचाईत होईल. परिवहन खाते आणि विमा नियामकाने मिळून घ्यायचा हा निर्णय आहे. तो झाला तर लिलावातल्या चांगल्या गाडीला चांगला भाव येईल, म्हणजे कर्ज थकलेल्या मालकाच्या डोक्यावरची उरलेली बाकीही कमी होईल.

तोवर ग्राहकाने जुनी विमा पॉलिसी मागून घ्यावी आणि तिच्यातला नो क्लेम बोनस वाचावा. दावा न करणाऱ्या मालकाचा हा बोनस २० टक्क्यांपासून ५० टक्क्यांपर्यंत वर्षागणिक चढत जातो. एकाच मालकाकडे पाच-सहा वर्षे राहिलेल्या गाडीच्या पॉलिसीत तो शून्य दिसला, तर आदल्या वर्षी दावा झाला होता की विमा खंडित झाला होता, हे विकणाऱ्याला विचारावे, आणि दावा झाला असेल तर तो कशाचा होता ते लेखी मागावे.